सेवेतून बाहेर पडलेला तपास अधिकारी खुनाचा तपास कोणत्या अधिकाराने करील? सोलापुरात घडणाऱ्या कथेसाठी मदत हवी आहे

प्रश्न : पूर्वभागकर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि गेले आठ महिने एका दीर्घकथेवर काम करत आहे. कथेचा नायक शहरातल्या एका पोलीस ठाण्याच्या डी. बी. पथकात, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकात, उपनिरीक्षक होता. निवृत्तीला नऊ वर्षे बाकी असताना त्याने राजीनामा दिला. आता तो साखर पेठेत दोन खोल्यांत एकटा राहतो, एका यंत्रमाग कारखान्याचे हिशेब लिहितो आणि रात्री झोप येत नाही म्हणून सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालत राहतो.

गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम चालू असते, त्या रात्री यात्रेसाठी बंद ठेवलेल्या त्याच कारखान्यात एका जॉबरचा, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराचा, खून होतो. टॉवेलने गळा आवळलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वास सुटल्यामुळे शेजारी कुलूप तोडतात. पोलीस एका कामगाराला अटक करतात. तो निर्दोष आहे असे नायकाला मनापासून वाटते आणि तो स्वतः शोध सुरू करतो.

माझी अडचण दुहेरी आहे. पहिली कायद्याची : वर्दी उतरवलेल्या माणसाला काय करता येते, आणि कोणत्या क्षणी तो स्वतःच गुन्हेगार ठरतो? दुसरी अडचण मला अधिक छळते आहे. हा माणूस आतून मोडलेला आहे एवढे मला ठाऊक आहे, पण तो कशाने मोडला हे मला सापडलेले नाही. मी त्याला दारू दिली, घटस्फोट दिला. स्वतःच वाचून पाहिले, तर त्यातले काहीच मला खरे वाटले नाही. ज्यांनी ही माणसे जवळून पाहिली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : खाकीतली तीस वर्षे

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्यातली अकरा वर्षे डी. बी. पथकात काढली. आपण गळ्याभोवती टॉवेल दाखवला आहे, त्यामुळे येथे आधी अकस्मात मृत्यूची नोंद आणि नंतर खून असा प्रवास होणार नाही, थेट गुन्हा दाखल होईल. तो रात्री दाखल होतो की सकाळी, याने मात्र फरक पडतो. गड्ड्याच्या काळात बहुतेक मनुष्यबळ होम मैदान, मंदिर परिसर आणि नंदीध्वजांच्या मार्गावर बंदोबस्ताला असते. ठाण्यात ठाणे अंमलदार आणि दोन-तीन माणसे उरतात. पंचनाम्याला येणारा अधिकारी दोन रात्री जागलेला असेल. त्याच्या हातून काहीतरी निसटणे स्वाभाविक आहे, आणि ते त्याला वाईट न ठरवता दाखवता येईल.

आपल्या नायकाला जुने सहकारी चहा पाजतील, 'साहेब' म्हणतील, पण केस डायरी दाखवणार नाहीत. ती डायरी मागण्याचा हक्क आरोपीलाही नसतो. मोबाइलच्या कॉलचा तपशील मिळवण्यासाठी पोलिसांनासुद्धा अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या सहीने कंपनीला लिहावे लागते. नायकाने तो ओळखीतून काढला, तर तोही गुंतेल आणि देणाराही गुंतेल. तेव्हा हा मार्ग आपण बंदच करावा, अशी माझी विनंती आहे. तसे केल्याने कथा माणसांकडे वळेल, आणि आमच्या पथकाचे खरे काम माणसांतच चालत असे.

कारखान्यासमोरचा चहावाला रात्री किती वाजता भट्टी विझवतो, कांड्या भरणाऱ्या बायका कोणत्या बोळातून घरी जातात, विड्यांची टोपली घेऊन विडी कारखान्याच्या ब्रँचकडे पहाटे कोण निघते, हे ज्याला पाठ आहे त्याला तपास जमतो. माग चालू असताना खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून कामगार खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात. वीस वर्षे मागावर काढलेली बाई पंचवीस पावलांवरचे, काचेपलीकडचे बोलणे ओठांवरून ओळखू शकते. असा साक्षीदार कोणी पोलीस कागदावर आणत नाही, कारण 'ऐकले का?' या प्रश्नाला ती खरेपणाने 'नाही' असे उत्तर देते आणि जबाब तेथेच संपतो.

प्रेत सापडण्याच्या बाबतीतही एक सुचवतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने पाळी येते, आणि पाळीच्या वेळी सगळी गल्ली जागी असते. बंद कारखान्याचा नळ उघडा राहिला, हौद भरून पाणी शटरखालून रस्त्यावर वाहू लागले, तर सोलापुरातला कोणताही शेजारी ते पाहून गप्प बसणार नाही. कुलूप त्या पाण्यासाठी तुटेल.

उत्तर : न्यायवैद्यक

मी शासकीय वैद्यकीय सेवेत शवविच्छेदन करत आलो आहे. वरील सूचना आपण जरूर घ्यावी, कारण आपल्या कथेतला वास वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. कुजण्याची पहिली खूण म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या भागावर येणारा हिरवट रंग. तो उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत दिसतो आणि थंडीत त्याला एक ते दोन दिवस लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, ४० अंशांच्या वर तापमान असताना आपले वर्णन खरे ठरले असते. जानेवारीतल्या रात्रीनंतर दुसऱ्या दुपारी शेजाऱ्यांना वास येणार नाही.

त्या दुपारी डॉक्टरला काय दिसेल, ते असे : शरीर पूर्ण ताठरलेले, कारण हा ताठरपणा साधारण १२ तासांत सर्व शरीरभर येतो आणि थंडीत २४ ते ४८ तास टिकतो. पाठीवर प्रेत पडले असेल, तर रक्त खाली साकळून पाठीवर जांभळट डाग आलेले आणि बोटाने दाबले तरी न हटणारे. हे डाग सुमारे ६ ते १२ तासांत स्थिरावतात. प्रेत पालथे सापडले आणि डाग पाठीवर असले, तर ते नंतर कोणीतरी उलटवले आहे. हे आपल्या नायकाला एका नजरेत कळेल. मृत्यूची वेळ मात्र कोणताही प्रामाणिक डॉक्टर मिनिटांत सांगणार नाही, काही तासांचा पल्ला सांगेल.

उत्तर : पोलीस लाइनीतली मुलगी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. माझे वडील तपासात होते. ते कधी दारू प्यायले नाहीत आणि आईवडिलांचा संसार शेवटपर्यंत टिकला, त्यामुळे आपल्याला ती दोन्ही कारणे खरी का वाटली नाहीत, हे मला समजते.

आमच्या घरी निलगिरीचे तेल आणायला बंदी होती. लहानपणी मला सर्दी झाली की शेजारच्या काकू रुमालावर दोन थेंब टाकून देत, आणि वडील जेवणावरून उठून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसत. आई काही बोलत नसे. ताट झाकून ठेवत असे. पुष्कळ वर्षांनी कळले, की शवागारात उभे राहावे लागते तेव्हा रुमालावर निलगिरी टाकून तो नाकाशी धरतात. त्यांच्यासाठी तो वास औषधाचा राहिलाच नव्हता. सेवानिवृत्तीनंतरही ते लग्नाच्या पंगतीत भिंतीला पाठ लावूनच बसत आणि घरी आल्यावर हॉलला दारे किती होती, हे त्यांना सांगता येत असे.

पण त्यांना सर्वांत जास्त त्रास प्रेतांचा झाला नाही. एका प्रकरणात त्यांनी घेतलेला जबाब चुकला होता, असे त्यांना वाटे. ते कोणते प्रकरण होते हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही. रात्री दोनच्या सुमारास ते उठत, स्वयंपाकघरातला दिवा लावत आणि वहीत एकच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहत. त्यांच्या पश्चात मी ती वही पाहिली. सगळ्या पानांवर एका बाईचे बोलणे होते. प्रत्येक वेळी एखादाच शब्द बदललेला होता. आपण आपल्या नायकाकडे एक असा कागद द्यावा, एवढेच मला सुचते.

उत्तर : घरात तेलुगू, बाहेर मराठी

वरच्या ताईंचे लिहिणे वाचून मला एक गोष्ट तातडीने सांगावीशी वाटली. मी पद्मशाली समाजातला, तुमच्याच पूर्व भागातला. आमच्या आज्या-आया घरात तेलुगूच बोलतात. अशा बाईचा जबाब पोलीस मराठीत लिहितात आणि मध्ये बहुधा शेजारी, शिपाई किंवा घरातला एखादा शिकलेला मुलगा दुभाषी असतो. त्या मुलाने आयुष्यात कधी भाषांतर केलेले नसते.

तेलुगूतला 'बावा' हा शब्द घ्या. नवऱ्याचा थोरला भाऊ बावा असतो, थोरल्या बहिणीचा नवरा बावा असतो, आणि मामाचा किंवा आत्याचा वयाने मोठा मुलगासुद्धा बावाच असतो. तीन वेगळी घरे, तीन वेगळी माणसे आणि शब्द एक. 'बावा आला होता' असे एखादी बाई म्हणाली आणि दुभाष्याने 'थोरला दीर आला होता' असे सांगितले, तर तो खोटे बोलला असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याने त्याला सुचला तो अर्थ दिला. लिहिणाऱ्याने 'भाऊजी' असे लिहिले असते तर निदान संदिग्धता शिल्लक राहिली असती, कारण मराठीत दिरालाही भाऊजी म्हणतात आणि बहिणीच्या नवऱ्यालाही. 'दीर' असे लिहिले की दोन माणसे मोकळी होतात आणि एक अडकतो.

आमच्या नात्यात असा गोंधळ एका मालमत्तेच्या कागदात झाला आणि दोन घरांचे येणेजाणे बंद झाले. खुनाच्या कागदात तो झाला तर काय होईल, याची कल्पना मला करवत नाही.

उत्तर : जिल्हा न्यायालयाच्या पायरीवरून

मी फौजदारी वकील आहे. वरील दोन उत्तरांमुळे आपल्या दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी मारता येईल, असे मला वाटते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी ताईंनी सुचवलेला जुना कागद. चौकशीत पोलिसांनी घेतलेल्या साध्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि न्यायालयात तो मुख्यतः विसंगती दाखवण्यापुरता वापरता येतो. बाई स्वतः साक्षीला आली, की न्यायालयाच्या दुभाष्यासमोर 'बावा म्हणजे नक्की कोण?' हा प्रश्न विचारला जातो आणि चूक बहुधा दुरुस्त होते. म्हणून तो कागद साधा जबाब नसावा. तो मृत्युपूर्व जबाब असावा. बाई भाजलेली आहे, रुग्णालयात आहे, कार्यकारी दंडाधिकारी यायला वेळ आहे आणि डॉक्टर म्हणत आहेत की थांबू नका. अशा वेळी पोलीस अधिकाऱ्याने लिहून घेतलेला जबाबही ग्राह्य असतो, जरी न्यायालय त्याकडे अधिक सावधपणे पाहते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात, मृत्युपूर्व जबाब विश्वासार्ह असेल तर केवळ त्याच्या आधारेही शिक्षा देता येते, असे स्पष्ट केले. २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने असेही ठरवले, की डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून असा जबाब टाकून देता येत नाही. उलटतपासणी घेण्यासाठी बोलणारी व्यक्ती जगात नसते. म्हणूनच तो शब्दशः, शक्य तेथे तिच्याच भाषेत लिहावा, असा आग्रह असतो. आपल्या नायकाने घाईत 'दीर' असे लिहिले. दिराला जन्मठेप झाली. खुनाच्या जन्मठेपेत, ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे तेथे, किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय शिक्षामाफीने सुटका होत नाही. तेवढ्या वर्षांत नायकाला तो शब्द कळला, आणि त्याने राजीनामा दिला.

आता नवा खून. घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागेल. त्याआधीची असेल तर भारतीय दंड संहितेचे ३०२. पात्रांच्या तोंडी मात्र अजून पुष्कळ दिवस 'तीनशे दोन' हेच राहील, आणि आपण ते तसेच ठेवावे. तपास वाटेल त्याला करता येत नाही, तो पोलिसांचाच अधिकार आहे. आपल्या देशात खासगी गुप्तहेरांना परवाना देणारा केंद्रीय कायदा नाही. त्यासाठीचे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून आपला नायक हा कायद्याच्या दृष्टीने एक साधा नागरिक आहे. तो लोकांशी बोलू शकतो, त्यांनी उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. 'मी पोलीस आहे' असे तो म्हणाला, किंवा जुने ओळखपत्र दाखवून आत शिरला, तर लोकसेवकाची बतावणी केल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम २०४ खाली त्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद होऊ शकते. घटनास्थळावरून टॉवेलचा एक धागा जरी त्याने खिशात घातला, तरी पुरावा नष्ट केल्याचा आरोप त्याच्यावर येईल आणि तो धागा न्यायालयात कवडीमोल ठरेल. खुनाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना द्यावी, असे कर्तव्य कायद्याने सर्वांवरच टाकलेले आहे. त्याला मिळालेले सर्व काही त्याने याच दारातून आत न्यावे. ओठ वाचणाऱ्या त्या बाईला तपास अधिकाऱ्याकडे न्यावे, तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवण्याची विनंती करावी, आणि या वेळी दुभाषी नीट निवडला जाईल, याची काळजी घ्यावी.

एक गोष्ट मात्र त्याला वर्दी नसल्यामुळेच मिळते, आणि माझ्या मते आपली कथा तेथे आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम २५ आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ हेच सांगते. आपल्या नायकाने सेवेत ऐकलेल्या कबुल्या, चार भिंतींच्या आत, पहाटे, रडत दिलेल्या, न्यायालयात उभ्या राहू शकल्या नाहीत. आता तो पोलीस नाही. त्याच्यापुढे कोणी आपण होऊन, धाक किंवा आमिष नसताना, खून कबूल केला, तर ती न्यायालयबाह्य कबुली म्हणून पुराव्यात येऊ शकते. ती दुबळा पुरावा मानली जाते आणि तिला दुसरा आधार लागतो, हे खरे. तिच्यासाठी त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल आणि बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न विचारील : 'आपण यापूर्वी एकदा एका बाईचे शब्द लिहून घेतले होते. ते बरोबर लिहिले होते का?'

पूर्वभागकर

वकीलसाहेब, आपला शेवटचा परिच्छेद मी तीन वेळा वाचला. आपणा सर्वांचे मनापासून आभार. दारू आणि घटस्फोट ही दोन्ही प्रकरणे मी आजच काढून टाकली. वासही काढला. त्याच्या जागी शटरखालून वाहणारे पाणी आले.

ज्या जॉबरचा खून झाला, तोच त्या बाईचा खरा बावा होता, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, असे करावे असे ठरवतो आहे. पोलिसांनी अटक केलेला कामगार म्हणजे १४ वर्षांनी सुटून आलेला तो दीर. या वेळी पोलिसांचा संशय चुकीचा आहे, हे नायकाला माहीत आहे असे मी आधी लिहिले होते. आता मला वाटते, की त्याला ते माहीत नसावे. दिराने या वेळी खरोखरच खून केला असेल आणि तो कबुली द्यायला नायकाकडेच आला असेल, तर नायकाने ती ऐकावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एक बारीक शंका राहते. त्या मृत्युपूर्व जबाबाच्या कागदावर बाईची सही असेल का? हात भाजलेले असताना अंगठा कसा घेतात? नायक तो कागद डोळ्यांपुढे आणतो, असा प्रसंग मला लिहायचा आहे.

खाकीतली तीस वर्षे

हात भाजलेले असतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतात, आणि खाली 'उजव्या पायाच्या अंगठ्याचा ठसा' असे लिहितात. खाटेच्या पायथ्याशी बसून शाईचे पॅड हातात धरावे लागते. पाय धरून दाबता येत नाही, कारण कातडी सुटण्याची भीती असते, म्हणून कागदच पॅडसारखा खालून वर नेऊन अंगठ्याला टेकवतात. मी हे दोनदा केले आहे. आपल्या उपनिरीक्षकाने ते स्वतः केले होते, असे लिहा. हवालदाराला सांगितले नव्हते, असे लिहा.